चिकटपट्टीचे भय

दुखण्यांच्या दरबारातही मानपानाची एक ठरलेली उतरंड असते आणि त्या उतरंडीत कातडीचे आसन अगदी दाराशी, चपलांच्या शेजारी मांडलेले असते. हृदयविकाराचा रुग्ण दिवाणखान्यात मधोमध बसतो. त्याच्याशी बोलताना मंडळी आवाज उतरवतात, पंखा किती ठेवू असे त्याला विचारतात आणि निघताना 'जपा हं' म्हणताना त्याच्या छातीकडे खरोखरच काळजीने पाहतात. मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्यामुळे ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रापुढे हजेरी द्यावी लागते, त्यालाही अलीकडे बऱ्यापैकी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. परंतु याच मनुष्याने, यंत्राचे सविस्तर वर्णन करून झाल्यावर, 'बाकी चाललंय हो, पण कातडी मात्र फार हुळहुळी झाली आहे. काल दाराच्या नुसत्या कडीने मनगट सोलून निघालं,' असे सांगितले, की श्रोत्याच्या मुद्रेवरील आदर तत्काळ मावळतो, त्या जागी घरगुती ज्ञानाचे तेज चढते आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने म्हणतो, 'त्यात काय एवढं? खोबरेल लावा.'

माझी सगळी हयात महसूल खात्यात, तहसील कचेरीच्या दप्तरात गेलेली असल्यामुळे, कातडीच्या या दुर्दशेचे कारण मला इतरांपेक्षा लवकर उमगले. ज्या कामाला खातेच नेमून दिलेले नसते, त्या कामाचा कागद टेबलावरून टेबलावर जन्मभर फिरत राहतो. मूत्रपिंडांचे डॉक्टर पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन यांचे आकडे पाहतात. शल्यविशारद हातावरच्या फिस्टुल्याला कान लावून, रक्ताचा सळसळाट नीट ऐकू येतो ना याची खातरजमा करून घेतात. आहारतज्ज्ञ बाई ताटातील पदार्थांची जप्ती करतात. आणि कातडीचा अर्ज पुढे केला, की प्रत्येक जण तो अत्यंत सहानुभूतीने वाचून 'वयोमानानुसार' असा शेरा मारून पुढच्या टेबलाकडे रवाना करतो.

वास्तविक डायलिसिसचा इतिहास जरा उघडून पाहिला तर सगळा तंटा आरंभापासून कातडीच्या दारावरच चाललेला दिसतो. रक्त देहाबाहेर धुता येते, हे विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन गावच्या रुग्णालयात सिद्ध करण्याचा घाट घातला. त्यासाठी त्याने एका फिरत्या लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ही नळी म्हणजे सॉसेज भरण्याचे वेष्टण होते. १९४५ साली त्या यंत्राने एक स्त्री मृत्यूच्या दारातून परतलीही. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे व ती त्या कामाला कायमची खर्ची पडे; त्यामुळे काही दिवसांच्या पाहुण्या आजाराला हे यंत्र ठीक होते, जन्माच्या बिऱ्हाडकरूला नव्हे. १९६० साली सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हातावर कायमची बाहेर ठेवून दिली आणि १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ब्रेशा, सिमिनो व त्यांचे सहकारी यांनी मनगटाजवळची धमनी आणि नीला कातडीखालीच एकमेकींस जोडून देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. हाच तो फिस्टुला. त्याच्यामुळे नळी गेली, नळीचा जंतुसंसर्ग गेला आणि लाखो माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. मात्र त्या तहनाम्यातील एक कलम फारसे कोणी मोठ्याने वाचत नाही, ते असे की यापुढे प्रत्येक वेळी दोन सुया कातडीतून आत जातील आणि त्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांच्यावर चिकटपट्ट्या बसतील. शोधकर्त्यांनी रक्ताचा प्रश्न सोडवला आणि कातडीला वहिवाटीचा रस्ता करून टाकले.

एका बैठकीचा हिशेब सांगण्यासारखा आहे. मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर या गतीने रक्त निघते, म्हणजे चार तासांत सुमारे ७२ लिटर रक्त यंत्रातून फिरते. आणि देहात रक्त पाचएक लिटरच असल्यामुळे तेच बिचारे, एखाद्या गरीब खातेदारासारखे, चौदा-चौदा वेळा त्याच खिडकीवर बोलावले जाते. त्याला धुण्यासाठी मिनिटाला अर्धा लिटर द्रव लागतो, म्हणजे एकंदर १२० लिटर शुद्ध पाणी. मी सोलापुरात राहतो. येथे नळाला पाणी रोज येत नाही. ते कोणत्या वारी, कोणत्या प्रहरी आणि किती दाबाने येईल यावर वाड्यावाड्यांतून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले आहे. अशा नगरीत माझ्या एकट्याच्या रक्तासाठी १२० लिटर पाणी गटारात जाते आणि मला स्वतःला प्यायला दिवसाकाठी लिटरभराची मंजुरी असते, हा विरोधाभास मी शेजाऱ्यांपासून काळजीपूर्वक लपवून ठेवला आहे.

तर, कातडी. मूत्रपिंडे थकली की घामाच्या व तेलाच्या ग्रंथीही हळूहळू आकसतात आणि अंग कोरडे, खवल्यांचे, कागदासारखे पातळ होते. मधुमेह जोडीला असेल तर विचारूच नका. त्यातून प्लेटलेट नावाच्या ज्या रक्तकणिकांनी गळती बंद करायची, त्या हजर असूनही काम नीट करत नाहीत (असे नोकर मी पुष्कळ पाहिले आहेत), आणि यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते ते निराळेच. परिणामी जराशा धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग उमटतात, आणि ते कधी व कशाने उमटले याचा पंचनामा करू म्हटले तर एकही साक्षीदार मिळत नाही. बाजाराच्या पिशवीचे बंद, खुर्चीचा हात, नातवाचा प्रेमळ गुडघा, असे संशयित अनेक. गुन्हा शाबीत कोणावरच होत नाही. आमच्या सौभाग्यवतींना मात्र याचा विनाकारण उपद्रव झाला. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून मी ओट्यावर बसलो असता समोरच्या बिऱ्हाडातील एक काकू माझ्या दंडाकडे, मग आमच्या स्वयंपाकघराकडे आणि पुन्हा दंडाकडे अशा काही अर्थपूर्ण दृष्टीने पाहू लागल्या, की त्या दिवसापासून भर मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असतानाही, मला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसण्याचा घरगुती हुकूम झाला. तो हुकूम योग्यच होता, कारण डायलिसिसवरच्या काही जणांना उन्हाने हाताच्या पाठीवर फोड येतात व तिथली कातडी बोटाने सरकवली तरी फाटते. परंतु हुकमाचे मूळ कारण ते नव्हते.

माझे दोन्ही हात आता समान दर्जाचे राहिलेले नाहीत. डाव्या हातात फिस्टुला असल्यामुळे तो इनामदार झाला आहे: त्याच्यावर रक्तदाब मोजायचा नाही, एरवीच्या तपासणीचे रक्त काढायचे नाही, घड्याळ बांधायचे नाही, त्याने ओझे उचलायचे नाही, झोपेत त्याच्यावर डोके टेकायचे नाही. दिवसातून दोनदा त्याला बोटांनी स्पर्श करून आतली थरथर चालू आहे ना, अशी अदबीने चौकशी करायची आणि चालू असेल तर आभार मानायचे. या साऱ्या सवलतींचा भार अर्थातच उजव्या हातावर पडतो. यंत्रावर बसलो असताना दर अर्ध्या तासाने त्याच्या दंडाभोवतीचा रक्तदाबाचा पट्टा गुरगुरत फुगतो आणि उतरला की पट्ट्याच्या हद्दीत बारीक तांबड्या ठिपक्यांची रांगोळी उठते. लिहायचे त्याने, जेवायचे त्याने, टोचून घ्यायचे त्याने आणि दुखले तर सांगायचेही नाही, कारण कौतुकाचा हात तो नव्हे.

आता मुख्य विषयाकडे येतो. नवख्या माणसाला सुईचे भय वाटते आणि ते स्वाभाविक आहे. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची सुई म्हणजे काही शिवणकामाची सुई नव्हे. परंतु सुई निदान वर्दी देऊन येते. आधी जागा धुतली जाते, औषधाने पुसली जाते, 'काका, टोचतेय हं' असा इशारा मिळतो. फारच नाजूक प्रकृती असेल तर तासभर अगोदर बधिर करणारे मलम लावण्याचीही सोय आहे. काही महिन्यांत मनुष्य सुईला सरावतो, तिच्याकडे पाहत वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचू शकतो. चिकटपट्टीला तो कधीच सरावत नाही. येताना ती अतिशय विनयाने येते. परिचारिकेच्या बोटांखाली गुपचूप बसते. चार तास तिचे अस्तित्व जाणवतसुद्धा नाही. आणि निघायच्या वेळी मात्र, इतका वेळ दिलेल्या सेवेची पोच म्हणून, कातडीचा एक पापुद्रा बरोबर घेऊन जाते. उघड्या राहिलेल्या त्या गुलाबी, ओलसर चौकोनाची जी आग होते, तिच्यापुढे सुई म्हणजे सौजन्याची मूर्ती वाटते. शिवाय सुईची जागा दर वेळी थोडी पुढेमागे सरकवता येते, तशी ती सरकवावीच लागते, नाहीतर एकाच ठिकाणी टोचून टोचून शीर फुगते. पण पट्टीला सरकायला जागा कुठली? हात तेवढाच, आणि परवाची जखम अद्याप ताब्यात असलेली.

ही पट्टी काढण्याच्या शास्त्रात दोन संप्रदाय आहेत, आणि द्वैती व अद्वैती यांच्याप्रमाणेच ते परस्परांचे तोंड पाहत नाहीत. पहिला संप्रदाय झटक्याचा. आमच्या केंद्रातील एक तरुण तंत्रज्ञ या पंथाचा कडवा अनुयायी आहे.

'काका, डोळे मिटा. एका झटक्यात काढतो. कळणारसुद्धा नाही.'

'मला नाही कळणार, पण कातडीला कळेल ना. तू हळू काढ बाबा.'

'हळू काढलं की जास्त दुखतं, काका.'

'दुखू दे. दुखणं इथंच सोडून जाता येतं, जखम घरी न्यावी लागते.'

मुलगा मनाने चांगला आहे. त्याच्या स्वतःच्या कातडीवर गाडी चालली तरी ओरखडा उठणार नाही, एवढाच त्याचा अपराध. दुसरा, भिजवणीचा संप्रदाय एका वयस्क सिस्टरांनी टिकवून धरलेला आहे आणि त्यांचा हात चालताना पाहणे हा मला यंत्रावरच्या चार तासांतील एकमेव करमणुकीचा कार्यक्रम वाटतो. त्या आधी ओल्या कापसाने पट्टीचे एक टोक नुसते सैल करतात. मग ते टोक वर न ओढता, पट्टीच्याच पाठीवर उलटे दुमडून, कातडीला समांतर, केसांच्या वळणाने मागे मागे नेतात. आणि डाव्या हाताची दोन बोटे पट्टी जिथे सुटते आहे नेमक्या त्या रेषेवर टेकवून, कातडीला 'तू इथेच थांब' असे बजावत पट्टीबरोबर पुढे सरकवत राहतात. तरुण तंत्रज्ञाला त्या अधूनमधून ऐकवतात, 'वर नाही ओढायचं रे, मागं दुमडायचं. सतरंजी गुंडाळतोस तसं.' शिवाय पट्टी लावतानाच तिचे एक टोक तीळभर आत दुमडून ठेवायचे, म्हणजे काढताना नखाने खरवडावे लागत नाही, ही त्यांची स्वतःची तोड. त्यांना कोणी पदक द्यावे अशी माझी फार इच्छा आहे. सिलिकॉनची एक पट्टी निघाली आहे, ती सुटताना खरोखरच कातडीला धरून ठेवत नाही. परंतु तिचा भाव सावकारी असल्यामुळे ती केंद्राच्या सरंजामात बसत नाही आणि मी तिचे रीळ स्वतःच्या खिशातून आणून, पिशवीच्या आतल्या कप्प्यात, शेजारच्या खाटेवरील स्नेह्यांच्या नजरेआड ठेवतो.

उरलेला विधी घरी होतो. सुया निघाल्यावर दहाएक मिनिटे बोटांनी दाबून, वर गॉजची घडी ठेवून बांधलेली पट्टी संध्याकाळी काढायची असते. त्या वेळी सौभाग्यवती कोमट पाण्याची वाटी, कापूस आणि तेलाचे बुधले घेऊन समोर बसतात. तेल पट्टीच्या टोकांपुरते. सुईच्या जागेला त्याचा थेंबही लागता कामा नये, हा नियम मला पाठ आहे आणि त्यांना मान्य आहे, तरीही दर वेळी आम्ही त्यावर नव्याने चर्चा करतो. 'अहो, हात स्थिर ठेवा.' 'स्थिरच आहे, तो फिस्टुल्यामुळे थरथरतो.' 'तो नव्हे, तुम्ही थरथरताय.' एवढ्यावर पट्टी निघालेली असते. आणि क्वचित न निघता कातडीच सुटून तिचा पापुद्रा वर आला, तर तो ओढून वा कातरीने कापून टाकायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन, ओल्या कापसाने हळूच सरकवत तो पुन्हा स्वस्थानी बसवायचा, वर न चिकटणारी जाळी ठेवायची आणि चिकटपट्टीऐवजी कापडी पट्टा सैल गुंडाळून तिला थांबवायचे. विस्थापितांचे पुनर्वसन मूळ जागीच उत्तम होते, हे धरणांच्या कामी आमच्या खात्याला जमले नाही, पण कातडीच्या बाबतीत पुष्कळदा जमते.

खाजेबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण खाज हा चारचौघांत विस्ताराने बोलण्याचा विषय नव्हे, आणि नेमकी हीच तिची क्रूरता आहे. वेदना सभेत सांगता येते. तिच्यावर काव्ये होतात. पाठीच्या मध्यभागी, जिथे कोणताही हात पोचत नाही, तिथे रात्री दोन वाजता उठणाऱ्या खाजेवर कोणी खंडकाव्य लिहिल्याचे ऐकिवात नाही. मी त्या वेळी उठतो आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून, एखादी म्हैस बाभळीच्या बुंध्याला अंग घासते तितक्याच तन्मयतेने उभा राहतो. सकाळी त्या जागी रेघा असतात. नखे म्हणून मुळापर्यंत कापलेली असावीत. (डायलिसिसवरच्या पुष्कळांप्रमाणे माझी नखे मुळाकडे पांढरी आणि टोकाकडे तांबूस अशी निमेनिम वाटली गेली आहेत, हे एक विनाखर्चाचे भूषण.) खाज ऐकली की आप्तेष्टांचे निदान तयारच असते: रक्त बिघडलंय. माझ्या एका मावशींनी तर रक्तशुद्धीचा काढाच पाठवला. 'मावशी, माझं रक्त आठवड्यातून तीनदा, चौदा-चौदा पाण्यांनी धुतात. आणखी किती शुद्ध करू?' असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, 'अरे, ते वरवरचं. हे मुळापासून करतं.' काढ्यात काय काय उकळले आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि वनस्पतींतले पोटॅशियम बाहेर टाकायला माझ्याकडे यंत्राखेरीज कोणी नसल्यामुळे तो काढा मी तुळशीलाही घातला नाही.

एक गोम फॉस्फरसमध्येही असू शकते. ते रक्तात साचले की खाज बळावू शकते. म्हणून जेवणाच्या घासाबरोबरच गोळ्या घ्याव्या लागतात, ज्या त्याला आतड्यातच अडवून धरतात. आणि फॉस्फरस कशात असते, तर सोलापूरकराच्या दृष्टीने पाहता ज्याच्यासाठी जगायचे त्यात: शेंगांची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, कडक भाकरीवर घ्यायची ती लालबुंद चटणी मला आता औषधाच्या मापाने, म्हणजे चमच्याच्या टोकावर, सणावारी मिळते. नारळाच्या बाबतीत तर शासननिर्णयच विचित्र आहे: तेल बाहेरून यथेच्छ, पाणी, पोटॅशियमपायी, आतून पूर्ण वर्ज्य. दिवाळीला अभ्यंगातले तेल मंजूर आणि उटणे नामंजूर, कारण नरकासुराबरोबर माझीही साल निघेल. एरवी स्नानही कोमट पाण्याने, आटोपशीर, साबण नाममात्र. आणि अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, तेल वा मलम लावून टाकायचे.

स्नानानंतर अंग पुसायचे नाही, टिपायचे, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. आणि ती पाळणे सोलापुरात किती कठीण आहे, हे डॉक्टर परगावचे असल्यामुळे त्यांच्या ध्यानात येणार नाही. या शहराची कीर्ती चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंवर उभी आहे. दोन्ही टिकाऊ, दोन्ही भरभक्कम, दोन्हींना भौगोलिक मानांकन. सोलापुरी टॉवेल नवा असताना पाण्याशी नव्हे तर माणसाशी झुंजतो, आणि चादर पन्नास धुलाया झाल्याशिवाय नमते घेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या गावाने त्या खरखरीत मायेत अंगे घासून लाल केली. मी मात्र हल्ली दुकानात गेलो, की टॉवेलाची घडी उलगडून तो प्रथम हाताच्या आतल्या बाजूवर, मग गालावर फिरवून पाहतो. रंग, काठ, वजन यांची चौकशीही करत नाही. मागल्या वेळी दुकानदाराने एकामागून एक सगळा माल माझ्यापुढे टाकला आणि प्रत्येक टॉवेल गालाला लावून मी परत करू लागलो, तेव्हा त्याचा धीर सुटला.

'काका, तुम्हाला पाहिजे तरी कसला?'

'जुना,' मी म्हणालो. 'चांगला विरलेला. दहा-बारा वर्षं कोणी तरी वापरलेला.'

त्याने गल्ल्यावर बसलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिले. वडिलांनी माझ्या बाहीच्या टोकातून डोकावणारी पट्टी पाहिली, काही न विचारता स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि पुढे केला. मी तो गालाला लावला. उत्तम होता. भाव विचारला, तर म्हणाले, 'हा विकायचा नाही. नमुना म्हणून दाखवला.'